एक बैलगाडी, आठ मोटारी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात एक बैलगाडी आठ मोटारींबरोबर धरली आहे. बस किंवा ट्रक म्हणजे तीन मोटारी, स्कूटर अर्धी. रस्ता किती भरला हे काढायला सगळी वाहनं अशी एका मापात आणतात. अभियंते त्याला ‘पीसीयू’ म्हणतात. नवं गृहसंकुल किंवा कारखाना आला तर नाक्यावर किती ताण पडेल, हा हिशेब अशाच गृहीतकांवर चालतो. रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या नाक्यावर बैलगाडी आता क्वचितच दिसते. दिसतात ते एमआयडीसीचे टँकर, एसटी आणि मिनीडोअर रिक्षा. ही मिनीडोअर कोष्टकातल्या कुठल्या ओळीत बसवायची?

मोजणी कधी करायची, हा त्याहून अवघड प्रश्न. शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी रोड्स काँग्रेसचाच १९७२ चा दंडक असा: वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, एकदा सुगी-बाजाराच्या हंगामात, एकदा मंदीत. उसाच्या गावाला हे ठीक. पण भात झोडून झालं म्हणून महाडचा रस्ता तुंबत नाही. तो तुंबतो चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला निघाले की, मे महिन्यात, ६ जूनला रायगडावरच्या राज्याभिषेक सोहळ्याला. २० मार्चला चवदार तळ्यावर लोटणारी गर्दी वेगळीच. त्यात गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, म्हणजे गर्दीच्या ऐन दिवसांत वाहनांचं मिश्रणही बदलतं.

पोलादपूरला घाटाचा हिशेब. मैदानातला सरळ दुपदरी रस्ता दिवसाला १५,००० पीसीयू पेलतो असं रोड्स काँग्रेसची संहिता मानते. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याला ५,०००. कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूने खुला झाला, तेव्हा त्याआधीचे आकडे तिथे कामाचे राहिले नाहीत. महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट मात्र अजून वळणांचाच, आणि जुलै २०२१ च्या दरडींनी तो बंदच पाडला होता. वरंध घाट पावसाळ्यात बंद झाला की पुण्याची वाहनं माणगाव-ताम्हिणीकडे वळतात. बाराही महिने सगळे रस्ते चालू, असं धरलेला अभ्यास इथे जूनमध्येच कोलमडतो.

केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या २०१७ च्या क्षमता-पुस्तिकेने ‘पीसीयू’ एकच ठरलेला न ठेवता प्रवाहानुसार बदलता केला, ही मोठी सुधारणा. पण ती रस्त्याबद्दल बोलते. महाडच्या एका इमारतीतून सकाळी किती फेऱ्या निघतील, हे तिथल्या दारांवर बसूनच मोजावं लागेल. अशा फेऱ्यांच्या अंदाजासाठी जगभर उघडली जाणारी अमेरिकी पुस्तिका मुख्यतः मोटारीवाल्या उपनगरांवर बेतलेली आहे. मुंबईकरांचे बरेच महिने कुलूपबंद असणारे फ्लॅट तिच्या हिशेबात नाहीत.

गणपतीची गर्दी धरून रस्ता रुंद करणं परवडणारं नाही. वर्षाच्या ८,७६० तासांतला तिसाव्या क्रमांकाचा गर्दीचा तास धरायची रूढ पद्धत आहे. महाडला पहिले तीस तास चतुर्थीच्या आठवड्यातच संपू शकतात. पण महामार्गालगतच्या मंगल कार्यालयाचं फाटक कुठे उघडावं, हे ठरवताना तोच आठवडा मोजलेला हवा.