'नाझिह' आणि 'लाजी' : दारफूरमधील विस्थापनाची परिभाषा

'निर्वासित' आणि 'विस्थापित' हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजतो. सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर प्रदेशात मात्र या दोहोंतील भेदावर माणसाचे अन्न अवलंबून राहिले आहे. तेव्हा त्याचा विचार कोशकारांवर सोपवून भागणार नाही.

देशातल्या देशात परागंदा झालेल्यास अरबीत 'नाझिह' म्हणतात, सीमा ओलांडून गेलेल्यास 'लाजी'. पहिल्याच्या धातूत दूर जाण्याचा अर्थ आहे; विहीर उपसून कोरडी करणे या अर्थीही तोच धातू येतो. दुसऱ्याचा धातू आश्रय घेणे या अर्थाचा. म्हणजे एकात सोडलेले गाव आहे, दुसऱ्यात शोधलेला आसरा. आपले दोन्ही शब्द गमावलेल्या स्थानाकडेच पाहतात. आश्रयाची बाजू हिंदीतील 'शरणार्थी' हा शब्द सांभाळतो. (फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी बांधवांना आपण निर्वासित म्हटले, तेव्हा हा भेद करण्याचे आपणांस कारण पडले नव्हते.)

१९५१ चा आंतरराष्ट्रीय करार स्वदेशाबाहेर गेलेल्यासच संरक्षण देतो. देशांतर्गत विस्थापितांविषयी संयुक्त राष्ट्रसंघात १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. पण तत्त्वे म्हणजे करार नव्हे.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानचे सैन्य व 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. त्याच वर्षी अल-जनीना येथे मसालित लोकांची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने मृतांचा आकडा १० ते १५ हजार असा दिला. वाचलेले लोक सुमारे ३० किलोमीटरवरील चाडमधील अद्रे गावी पोहोचले. मसालित भाषा सीमेच्या दोन्ही अंगांना बोलली जाते, कारण ही सीमा इंग्रज व फ्रेंच सत्तांनी त्या लोकांच्या मुलखातूनच ओढली. भाषा तीच राहिली. बदलली ती कायद्यातील संज्ञा.

जे सीमेपर्यंत गेले नाहीत त्यांच्यासाठी मदतीची वाट स्वतःच्या सरकारच्या अनुमतीतून जात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदान सरकारने अद्रेमार्गे येणारे साहाय्य बंद केले. ऑगस्टच्या आरंभी अल-फाशरजवळील झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांनी घोषित केले. त्यानंतर ती वाट पुन्हा उघडली. अर्थात अन्न अडवण्यात निमलष्करी दलाच्या वेढ्याचाही वाटा होताच. एप्रिल २०२५ मध्ये या दलाने झमझमवर हल्ला केला आणि लाखो लोक तविलाच्या वाटेला लागले. त्यांतील पुष्कळजण २००३ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या युद्धातच गाव सोडून तेथे आलेले होते.