घराघरांतून झालेली मैफल

गाण्यातूनही रोग पसरू शकतो, हे २०२० साली दिसून आले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च रोजी समूहगानाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण जमले होते. त्यांपैकी एकाला सर्दीसारखा त्रास होता. पुढे त्याच्यासह ५३ जण कोरोनाने आजारी ठरले. दोघे दगावले. मोठ्याने गाताना श्वासावाटे सूक्ष्म थेंब अधिक बाहेर पडतात व बंद खोलीत हवेत तरंगत राहतात.

अशा वेळी मदतनिधीसाठी मैफल भरवायची कशी? जागतिक आरोग्य संघटना व ‘ग्लोबल सिटिझन’ ही संस्था यांनी, गायिका लेडी गागा यांच्या साहाय्याने, १८ एप्रिल २०२० रोजी उत्तर दिले. ‘वन वर्ल्ड : टुगेदर अ‍ॅट होम’ या कार्यक्रमात प्रत्येक कलावंत आपापल्या घरातून गायला. ‘रोलिंग स्टोन्स’चे चौघे पडद्यावर चार चौकटींत दिसले. ड्रमवादक चार्ली वॉट्स यांच्यापुढे ड्रम नव्हते. त्यांनी पेट्यांवर व सोफ्याच्या हातावर काठ्या चालवल्या. या उपक्रमातून सुमारे १२ कोटी ८० लाख डॉलर जमले.

वाचकहो, यातला धडा साधा आहे. ताप, सर्दी वा खोकला असेल तर भजनाला, आरतीला जाऊ नका. कार्यक्रम बंद जागेत असेल तर दारे-खिडक्या उघडा. एक दिवस घरी थांबल्याने भक्ती कमी होत नाही. शेजारच्या वृद्धाचा जीव मात्र वाचू शकतो.