खेळातल्या आगगाडीची वीज कोठे अडते?

विजेवर चालणारी जुनी खेळगाडी माळ्यावरून खाली काढली, रुळांवर ठेवली आणि ती हलली नाही, म्हणजे घरातील जाणती माणसे निकाल देऊन मोकळी होतात : मोटार जळली! हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. मोटार इंजिनाच्या पोटात झाकलेली असते. धूळ, तेलाचा चिकटा आणि झीज सोसावी लागते ती रुळावरून वीज उचलणाऱ्या चिमुकल्या भागाला. आमचे विवेचन त्या भागापुरतेच आहे.

प्रथम रूळ पाहू. अमेरिकेतील लायनेल कंपनीने १९०६ पासून तीन रुळांची पद्धत घेतली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘हॉर्नबी डब्लो’ गाड्याही १९३८ पासून तीन रुळांवर धावत; दोन रुळांच्या गाड्या तिने १९५९ मध्ये काढल्या. मधल्या रुळातून वीज येते, इंजिनाखालचा रोलर किंवा पत्र्याचा बूट ती उचलतो, आणि मोटारीतून गेल्यावर ती चाकांवाटे बाहेरच्या रुळांत परतते. परतीला चाके अनेक. येण्याला मात्र एकदोन स्पर्शच. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने तर पुढे मधला रूळच काढून त्या जागी बारीक खुंट्या बसविल्या आणि इंजिनाखाली लांब पट्टी दिली. लांब अशासाठी, की मागची खुंटी सुटण्यापूर्वी पुढची सापडावी. ही पट्टी थोडी जरी वाकली तरी गाडी आचके देत चालते.

परीक्षा करण्यापूर्वी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेतून आलेला लायनेलचा ट्रान्स्फॉर्मर ११५ व्होल्टसाठी असतो. आपल्याकडील २३० व्होल्टच्या प्लगात तो सरळ खोचला, तर गाडी राहिली बाजूला, घराला धोका! जुन्या वायरीचे रबर तडकलेले असेल, तर ती आधी बदलावी. तसेच डब्लोच्या मोटारीला १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. लायनेलचा उलटसुलट प्रवाह तिला देऊ नये.

आता इंजिन उताणे ठेवावे. योग्य ट्रान्स्फॉर्मरची एक तार रोलरला, दुसरी चाकाला लावावी. मोटार फिरली नाही, तर पहिली तार रोलरवरून उचलून, जेथे त्याची वायर मोटारीला जोडली आहे तेथे टेकवावी. आता फिरली? मग दोष रोलर आणि मोटार यांच्यामध्ये आहे. तेथे बहुधा डाख सुटलेला असतो, किंवा वायर वेष्टनाच्या आत तुटलेली असते. बाहेरून ती धडधाकट दिसते, हेच तिचे लबाडपण.

रोलरवर काळा थर दिसला, की हात काचकागदाकडे जातो. तो आवरावा. कागदाने वरचा मुलामा जातो, उघड्या पोलादाला गंज चढतो, आणि पडलेल्या चऱ्यांत मळ पुन्हा अधिक घट्ट बसतो. स्पर्श वाईट झाला की ठिणगी उडते, ठिणगीने पृष्ठ खरवडते, आणि स्पर्श आणखी वाईट होतो. गेलेला मुलामा परत येत नाही. स्पिरिटमध्ये भिजविलेले फडके आणि शाई खोडण्याचे कडक रबर एवढ्यावर बहुतेक काम भागते. पोलादी लोकर तर जवळही आणू नये. तिचे तंतू लोहचुंबकाकडे ओढले जाऊन मोटारीत शिरतात.

स्प्रिंगच्या बाबतीत उत्साह असाच नडतो. ढिली स्प्रिंग स्पर्श सोडते म्हणून ती खूप ताणावी, तर इंजिन वर उचलले जाते, चाकांवरचा भार घटतो आणि ती जागच्या जागी फिरू लागतात. बोटाने दाबल्यावर बूट सहज आत जावा आणि सोडताच परत यावा, इतकाच ताण पुरे. डाख देताना कढई फार वेळ टेकवू नये. बुटाला सांगाड्यापासून वेगळे ठेवणारी फायबरची चकती करपली, तर वीज मोटारीला वगळून परस्पर सांगाड्यात जाते.

रोलरला खोल चर पडला असेल, किंवा पिनेचे भोक लांबट झाले असेल, तर मात्र नवा घालावा. तसे सुटे भाग आज तयार मिळतात. पिनेवर पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. काढलेला रोलर फेकू नये. पाकिटात घालून, कोणत्या इंजिनाचा आणि केव्हा काढला हे वर लिहून, तो गाडीच्याच खोक्यात ठेवावा.