गाडी का रुसली?

‘खर्र... खर्र... खर्र...’

जानेवारीतली पहाट. राजुरीत अजून उजाडायचं होतं. मळ्यातल्या एका घरापुढे जुनी पिकअप उभी होती, मागे कांद्याच्या गोण्या रचलेल्या. पप्पा चावी फिरवत होते. शेजारी कानटोपी घालून त्यांची चौथीतली लेक बसली होती. दर वेळी इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं कण्हायचं, ‘खर्र... खर्र’ करायचं आणि गप्प व्हायचं.

राजुरीहून आळेफाट्याचा कांदा बाजार काही लांब नाही. पण लिलाव कुणाच्या गाडीसाठी थांबतो थोडाच! शेवटी शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि पिकअप ओढली. दहा-पंधरा पावलं गेली नाही तोच ती ‘धडधड’ करत चालू झाली. पण तोवर उशीर झालाच. कांदा मागे राहिलेल्या गिऱ्हाइकांना मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती मुलगी मला म्हणाली, ‘‘बाई, पप्पा आता नवी बॅटरी आणणार आहेत, उधारीवर. म्हणून माझी सायकल आता पुढच्या वर्षी.’’

जूनमध्ये ती पाचवीला जाणार. मोठ्या शाळेत जायला सायकल हवी, हे वर्षभर ठरलेलं होतं. आता बॅटरीला काही हजार रुपये जाणार म्हटल्यावर सायकल मागे पडली.

पण मुलांनो, दोष खरंच बॅटरीचा होता का? चला, शोधू या. त्याआधी डिझेलची गाडी चालू कशी होते, ते माहीत हवं.

ठिणगीविना आग

सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला कधी हात लावलाय? चांगलंच गरम लागतं. हवा जोरात दाबली की ती तापते. डिझेल इंजिनाचं सगळं गुपित या एका गोष्टीत आहे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. तिथे दट्ट्या, म्हणजे पिस्टन, नळकांड्यातली हवा सुमारे वीस पट दाबतो. ती हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरने जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात १८९७ मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याच्याच नावावरून इंजिनाला आणि इंधनालाही ‘डिझेल’ हे नाव पडलं.

आता यातली खोच बघा. हवा झटकन दाबली तरच ती पुरेशी तापते. हळूहळू दाबली, तर तिची उष्णता नळकांड्याच्या थंडगार लोखंडात निघून जाते. शिवाय थोडी हवा फटींतून निसटते. म्हणजे इंजिन चालू करायचं, तर सुरुवातीला ते कुणीतरी वेगाने फिरवायला हवं.

हे काम पूर्वी माणूस करायचा. तुमच्या आजोबांना विचारा. विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन ते हँडल मारून चालू करायचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक मळ्यांतून तिच्या इंजिनांचा ‘फट-फट’ आवाज घुमू लागला. हँडल मारताना इंजिनाच्या डोक्यावरची एक छोटी दांडी उचलून धरायची, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. चाकाने चांगला वेग घेतला की दांडी सोडायची. आधी सोडली तर इंजिन अडायचं!

गाडीत हेच काम विजेची मोटर करते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला आणि हँडल मारण्याचा त्रास संपत गेला. आपल्याकडे त्या स्टार्टरला सगळे ‘सेल्फ’ म्हणतात.

मेकॅनिककाकांचे तीन प्रश्न

रविवारी सकाळी मेकॅनिककाका गाडी बघायला येणार होते. मुलीने मलाही बोलावलं. मला वाटलं, काका आले की लगेच पाना घेऊन बोनेटखाली शिरतील. पण ते ओट्यावर बसले, चहा घेतला आणि प्रश्नच विचारू लागले.

पहिला प्रश्न : ‘‘सेल्फ कसा फिरतो? फिरतच नाही, हळू फिरतो, की जोरात फिरतो?’’

फिरतच नसेल किंवा हळू फिरत असेल, तर दोष विजेच्या रस्त्यात : बॅटरी, वायरी किंवा खुद्द सेल्फ. जोरात फिरत असेल आणि तरीही गाडी चालू होत नसेल, तर विजेचा रस्ता सोडा आणि डिझेलचा रस्ता धरा. एका प्रश्नात अर्धी गाडी तपासून झाली!

दुसरा प्रश्न : ‘‘सेल्फ मारताना मागच्या नळीतून धूर येतो का?’’

अजिबात धूर नसेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल किंवा नळीतून हवा शिरली असेल. यालाच ‘गाडीने एअर धरली’ म्हणतात. मग फिल्टरजवळचा हातपंप दाबून ती हवा काढतात. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल येतंय पण पेटत नाही. थंडीत असं झालं तर आधी हीटर बघायचा. चावी फिरवली की काही गाड्यांत वेटोळ्याच्या चित्राचा दिवा लागतो ना? तेव्हा आतले हीटर तापत असतात. तो दिवा विझल्यावरच सेल्फ मारायचा असतो. घाईत आपण थांबत नाही आणि नावं ठेवतो गाडीला!

तिसरा प्रश्न : ‘‘ढकलून किंवा ओढून चालू होते का?’’

‘‘हो, ट्रॅक्टरने ओढली तर लगेच झाली,’’ मुलगी पटकन म्हणाली.

काका हसले. ‘‘झालं तर! म्हणजे डिझेल येतंय, हवा दाबली जातेय, इंजिन ठणठणीत आहे. फक्त त्याला कुणी जोरात फिरवत नाही. आता राहिले तिघं : बॅटरी, वायरी आणि सेल्फ.’’

‘‘मग बॅटरीच की!’’ पप्पा म्हणाले.

‘‘आधी तिला विचारू तरी,’’ काका म्हणाले.

बॅटरीची साक्ष

काकांनी हेडलाइट लावायला सांगितले आणि मग सेल्फ मारायला लावला. बॅटरी थकलेली असेल किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल, तर सेल्फ मारताना दिवे एकदम मंदावतात. इथे सेल्फ कण्हत होता, पण दिवे छान उजळ होते!

मग मीटर लावला. गाडीच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात दोन व्होल्टहून थोडी जास्त वीज. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इथे मीटरने १२.५ दाखवले. सेल्फ मारताना ते थोडेसेच खाली आले. बॅटरी निर्दोष!

मग वीज जाते कुठे? इथे आबांनी तोंड उघडलं. मुलीचे आजोबा इतका वेळ गप्प बसून बघत होते. ते म्हणाले, ‘‘पाटाला पाणी आहे, पण वाफ्यात येत नाही. मधे कुठेतरी बार अडलाय.’’

अगदी बरोबर! बॅटरीची वीज जाडजूड वायरीने सेल्फकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येते. पण इंजिन रबराच्या बैठकांवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. सेल्फची सगळी वीज त्या पट्टीवरून माघारी येते.

काकांनी बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या लोखंडाला एक जाड केबल जोडली. म्हणजे वीज परतायला नवा रस्ता दिला. ‘‘मारा सेल्फ!’’

घर्रर्र... धडधडधड!

पिकअप एका झटक्यात चालू झाली. मुलीने टाळ्याच वाजवल्या. खाली वाकून बघितलं तर पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या आणि बोल्टखाली गंजाचा थर.

गणित काय सांगतं?

हायस्कूलमधल्या ताई-दादांना ओहमचा नियम माहीत असेल. विजेचा प्रवाह आणि वाटेतला अडथळा यांचा गुणाकार केला की वाटेत किती व्होल्ट खर्च झाले ते कळतं. समजा, गंजामुळे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला. सेल्फला १५० अँपिअर मिळत असतील, तर १५० × ०.०२ = ३ व्होल्ट त्या गंजलेल्या जागेतच गेले! बारापैकी तीन गेले तर सेल्फ कण्हणारच. ६० वॉटच्या हेडलाइटला मात्र सुमारे ५ अँपिअरच लागतात. आणि त्याची वीज त्या पट्टीवरून जातच नाही, म्हणून तो उजळ राहिला.

थंडीतच दुखणं का वाढलं? थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, ऑइल घट्ट होतं आणि नळकांडं जास्त गार असतं. उन्हाळ्यात लपून राहिलेली खोड हिवाळ्यात उघडी पडते.

काकांनी बॅटरीची मायनसची वायर सोडली, नवी पट्टी लावली आणि बोल्टखालचं लोखंड पॉलिश पेपरने घासून लख्ख केलं. पट्टीचा खर्च बॅटरीच्या मानाने अगदी किरकोळ.

हे मात्र लक्षात ठेवा

दुरुस्ती हे मोठ्यांचं काम. तुम्ही लांबून बघा, ऐका आणि वहीत नोंद करा. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ आणि पंख्याजवळ हात, ओढणी, वेणी नेऊ नका. बॅटरीत तेजाब असतं आणि तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ काडी किंवा बिडी पेटवायची नाही. आणि पालकांनो, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मधे अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर चांगला सेल्फही जळेल. थंडीत इंजिनाजवळ पेटता बोळा धरण्याचा प्रकार तर मुळीच नको.

करून पाहा

सायकलचा पंप घ्या. टायरमध्ये हवा भरताना वीस दट्टे जोरात मारा आणि पंपाचं खालचं टोक जपून चाचपा. पंप गार होऊ द्या. मग दुसऱ्या टायरला वीस दट्टे अगदी सावकाश मारा आणि पुन्हा चाचपा. फरक कळला? सेल्फ हळू फिरला तर गाडी का रुसते, ते आता तुम्ही कुणालाही समजावून सांगू शकाल.

त्या दिवशी काका जाताना म्हणाले, ‘‘अंदाजाने सामान बदललं, तर कधीतरी गाडी चालू होते, पण दोष कुठला होता ते कळत नाही.’’ मुलीने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. परवा तिचं भागाकाराचं उदाहरण चुकलं. एरवी ती सगळं खोडून नव्याने मांडायची. या वेळी वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘बाई, खोडू नका. कुठल्या पायरीपर्यंत बरोबर आहे, ते मी आधी शोधते.’’

आणि हो, सायकल जूनमध्येच येणार आहे!