एक गाडी स्वतःला, दोन सरकारला

कोपनहेगन शहरात नोरेब्रो नावाच्या दाट वस्तीच्या भागातून जुन्या नगराकडे जाताना राणी लुईसचा पूल लागतो, आणि सकाळच्या वेळी त्या पुलाच्या कठड्याशी क्षणभर उभे राहिले तर कामावर निघालेल्या माणसांच्या सायकलींचा जो अखंड लोंढा समोरून वाहत जातो, त्यात मधूनमधून तीन चाकांचे एक अवजड वाहन दृष्टीस पडते. त्याच्या पुढल्या बाजूस एक प्रशस्त लाकडी पेटी, पेटीवर पावसाकरिता ताणलेले कापडी छत, छताखाली लोकरी टोप्या घातलेली दोन पोरे, त्यांच्या गुडघ्यांमध्ये कोंबलेली दप्तरे, आणि मागे श्रमाने लालबुंद झालेली, पेडल मारणारी आई. हे दृश्य पाहून पाहुण्यांना डेन्मार्कच्या निसर्गप्रेमाचा उमाळा येतो, आणि तो अगदीच अनाठायी असतो असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पेटीत पोरे कशी येऊन बसली याचा शोध घेऊ गेल्यास काव्याइतकाच तो महसूल खात्याच्या दफ्तरातही घ्यावा लागतो.

नोव्हेंबर 2015 पर्यंत त्या देशात जी आकारणी चालू होती, तिचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एखाद्या मोटारीची करपूर्व किंमत, विक्रेत्याचा नफा धरून, एक लाख क्रोनर आहे असे समजू. तीवर प्रथम 25 टक्के मूल्यवर्धित कर बसून ती सव्वा लाख होई. आणि मग या फुगलेल्या रकमेवर, म्हणजे करासकट किमतीवर, नोंदणीकराची आकारणी सुरू होई: पहिल्या सुमारे 80 हजारांवर 105 टक्के, आणि उरलेल्या 45 हजारांवर 180 टक्के. पहिल्या टप्प्याचे 84 हजार, दुसऱ्याचे 81 हजार, असा 1 लाख 65 हजारांचा नोंदणीकर सव्वा लाखात मिळवला, की किरकोळ सवलती सोडता गिऱ्हाइकाच्या माथी 2 लाख 90 हजारांचा आकडा पडे. गाडी घ्यायची तर एक स्वतःसाठी आणि दोन सरकारसाठी घ्यावी लागतात, ही डॅनिश लोकांची जुनी थट्टा. तिच्यात अतिशयोक्ती जवळजवळ नाही, हे वरील बेरजेवरून ध्यानात येईल. पुढे 180 चे 150 झाले, 2017 साली खालच्या टप्प्याचे 105 चे 85 झाले, आणि डिसेंबर 2020 मध्ये झालेल्या राजकीय समझोत्यानंतर 25, 85 व 150 टक्के असे तीन टप्पे आले, ज्यांवर गाडीच्या धुराप्रमाणे आणखी एक आकार चढतो. शिवाय दरसाल मालकीचा कर वेगळा: तो पूर्वी गाडीच्या वजनावर बसे, 1997 पासून इंधनाच्या खपावर बसू लागला.

या कराची कारणमीमांसा मोठी मनोरंजक आहे, कारण कर तोच राहिला आणि त्याचे समर्थन मात्र काळाप्रमाणे वस्त्रे बदलीत गेले. आरंभी मोटार ही श्रीमंतांची चैन, आणि चैनीवर कर बसवण्यात गैर काय, असा युक्तिवाद होता. मग लोणी आणि डुकराचे मांस विकून मिळवलेले परकीय चलन परदेशी मोटारींवर उधळले जाऊ नये, ही चिंता पुढे आली. 1973 च्या तेलसंकटात रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली, तेव्हा इंधनाची काटकसर हे नवे कारण हाती आले. आणि त्यानंतरच्या काळात पर्यावरण. माझ्या मते खरे कारण या सर्वांच्या बुडाशी आहे, आणि ते अगदी साधे आहे: डेन्मार्कात सांगण्याजोगा मोटारींचा कारखानाच नाही. मोटार महाग झाली म्हणून ज्याच्या ताटातली भाकरी जाईल असा कामगार तेथे नाही, आणि त्याच्या वतीने कायदेमंडळाच्या पायऱ्या झिजवणारा कारखानदारही नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर, व्होल्व्होच्या स्वीडनमध्ये, असा नोंदणीकर नाही, हा काही केवळ योगायोग नव्हे.

गंमत अशी, की हाच मुद्दा न्यायासनापुढेही उपयोगी पडला. युरोपीय आयोगाने या भरमसाट कराविरुद्ध लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात दाद मागितली, तेव्हा 1990 साली न्यायालयाने असा निवाडा दिला, की परदेशी मालावर देशी मालाहून जास्त कर लादू नये हा नियम खरा. परंतु जेथे देशी मोटारच अस्तित्वात नाही, तेथे नव्या मोटारींच्या बाबतीत पक्षपात कोणाशी आणि कोणासाठी झाला म्हणायचे? परदेशातून आणलेल्या वापरलेल्या गाड्यांवरील आकारणी मात्र न्यायालयाने गैर ठरवली, कारण देशातच विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्या तिथे तुलनेला हजर होत्या.

या कराच्या मोबदल्यात प्रजेला काय मिळते, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. विद्यापीठात शुल्क नाही, उलट विद्यार्थ्यालाच दरमहा वेतन. इस्पितळातून निघताना बिलाची चिठ्ठी नाही. मोठ्या समुद्रपुलांचा अपवाद सोडला तर रस्त्यांवर टोलनाके नाहीत. हा कर त्या कामांसाठी वेगळा राखून ठेवला जात नाही, तो सर्वसाधारण तिजोरीत जमा होतो. तरी आपला पैसा पाण्यात गेला नाही ही भावना त्या समाजात पुष्कळशी रुजलेली आहे. मात्र ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. राजधानीतल्या माणसाला मेट्रो आहे, सायकलीचा मार्ग आहे. युटलंडच्या पश्चिमेकडील खेड्यातून रात्रपाळीला निघालेल्या परिचारिकेला त्यांपैकी काहीही उपलब्ध नसते, आणि तिची मोटार ही चैन आहे असे तिला कोणी समजावू गेल्यास ती काय उत्तर देईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

जबर कर आला, की पळवाट आलीच. किमतीवर कर असल्यामुळे गाडीतील प्रत्येक सोय करपात्र ठरली, आणि अपघातात प्राण वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्याही तिपटीच्या घरात जाऊ लागल्या. तेव्हा सरकारनेच त्या पिशव्यांसाठी आणि न घसरणाऱ्या ब्रेकसाठी करात वजावट दिली. म्हणजे प्रथम भिंत बांधायची आणि मग तिला खिडक्या पाडत बसायचे. त्याहून रंजक प्रकरण पाट्यांचे. मालवाहू गाडीवर कर कमी, आणि तिची नंबरपाटी पिवळी. साहजिकच मागली आसने काढून टाकलेल्या, चालकाच्या पाठीशी जाळी ठोकलेल्या, एरवी कुटुंबाला शोभतील अशा गाड्या पिवळ्या पाटीने हिंडू लागल्या. धंद्याची म्हणून घेतलेली गाडी रविवारी सासुरवाडीला नेली तर तो गुन्हा. म्हणून अशा खाजगी वापरासाठी एका दिवसापुरता परवाना विकत घेण्याची सोय झाली, आणि तोही वर्षातून 20 दिवसांपुरता. ज्याला धंदा आणि घर दोन्हींसाठी गाडी राजरोस वापरायची आहे, त्याने जादा आकार भरावा आणि अर्धी पिवळी, अर्धी पांढरी अशी पाटी लावावी. या दुरंगी पाटीला लोकांनी नाव ठेवले पोपटपाटी, आणि सरकारी कागदांतील कोणत्याही शब्दापेक्षा ते अधिक रूढ झाले.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांची कथाही याच वळणाने गेली. त्यांना नोंदणीकर पूर्ण माफ होता. छोट्या गाड्या तुरळक विकल्या जात होत्या तोवर ही उदारता तिजोरीला जाचली नाही. परंतु टेस्लाच्या लाखमोलाच्या गाड्या धनिक लोक या माफीत घेऊ लागले, तेव्हा 2016 पासून ही माफी टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे ठरले. 2015 च्या अखेरीस दुकानांवर झुंबड उडाली, आणि नंतरची दोन वर्षे ही विक्री जवळजवळ ठप्प झाली. मग पुन्हा सवलती आल्या. शेजारच्या नॉर्वेने माफीची वाट न सोडता मार्गक्रमण केले, आणि 2024 साली तेथे विकल्या गेलेल्या दर 10 नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 9 विजेच्या होत्या. मोटारीवरील कराने महसूलही भरावा आणि मोटारही कमी व्हावी, या दोन अपेक्षा एका घरात सुखाने नांदत नाहीत. कोपनहेगनचे अर्थमंत्री कधी एकीची समजूत घालतात, कधी दुसरीची.

गाड्या बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांनी मात्र या सगळ्याचा पुरता अंदाज घेतलेला आहे. एवढा कर भरून गिऱ्हाईक टिकावे म्हणून त्या डेन्मार्कात आपली मूळ किंमतच कमी ठेवत, आणि त्यामुळे करपूर्व किमती पाहिल्या तर युरोपातील सर्वांत स्वस्त गाड्यांत डेन्मार्कच्या गाड्यांची गणना होई. आणखी एक तरतूद आहे: वापरलेली गाडी कायमची देशाबाहेर नेली, तर तिच्या उरलेल्या मोलाच्या हिशेबाने नोंदणीकराचा अंश सरकार परत देते. त्यामुळे जुन्या गाड्यांचे व्यापारी गाडीच्या रंगरूपापेक्षा तिच्या पोटात शिल्लक राहिलेला कर आधी मोजतात, आणि गणित जमले की ती गाडी ट्रेलरवर चढवून दक्षिणेस जर्मनीची सरहद्द पार करतात. सरहद्दीच्या अलीकडे तिची जी किंमत होती, त्यातला राजाचा वाटा तेवढा मागे राहतो. पलीकडे जाते ती नुसती मोटार.