काचेसही रोग जडतो

संस्कृतांत ‘काच’ हा शब्द दोन अर्थांनीं येतो. एक अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा आयुर्वेदांतील एका नेत्ररोगाचा. प्रथम तिमिर, मग काच आणि अखेरीस लिंगनाश, असा दृष्टि जाण्याचा क्रम वाग्भटानें सांगितला आहे. नवल हें कीं, काच या पदार्थासही असाच पायरीपायरीनें अंध करणारा रोग जडतो.

वाळू, क्षार व चुना वितळवून काच करितात. क्षारानें वाळू लवकर वितळते, चुन्यानें काच टिकाऊ होते. क्षार फार व चुना थोडा पडला, तर रोगाचें बीज भट्टींतच पेरलें जातें. पुढें हवेंतील ओलावा तो क्षार हळूहळू बाहेर ओढतो. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनें १६७४ सालीं ज्या नव्या काचेची सनद मिळविली, तिचीं भांडीं अशींच निस्तेज होऊन भेगाळलीं. कृति सुधारल्यावर ग्राहकांची खात्री पटावी म्हणून १६७६ पासून त्यांवर डोमकावळ्याच्या मस्तकाचा शिक्का उमटूं लागला.

१९८९ पासून जगाचा माल ज्या बंदरांत उतरतो, त्या आमच्या न्हावा-शेव्यास ओलाव्याचा प्रताप सांगावयास नको. पावसाळ्यांत बरणींतील मिठास पाणी सुटतें, पापड सादळतात. खाडीपलीकडे मुंबईंत १८७२ चें भायखळ्याचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय व १९२२ चें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय याच सागरी हवेंत उभीं आहेत. नाजूक काचेस हवेंतील आर्द्रता शेंकडा ४० च्या आसपास मानवते. येथें पावसाळ्यांत ती ८० च्याही वर जाते. शिवाय बंद लांकडी कपाटांतून निघणारी आम्ल वाफ आगींत तेल ओतते.

रोगाचीं आद्य लक्षणें तीन. पहिलें, काचेवर धुक्यासारखी झांक येते. दुसरें, पृष्ठभाग साबणासारखा बुळबुळीत लागतो. ओला केलेला तांबडा लिटमस कागद तेथें टेकविला, तर निळा होतो. तिसरें, ओलसर दिवसांत काच ‘रडते’, म्हणजे तिजवर सूक्ष्म थेंब उभे राहतात. यापुढची पायरी केसासारख्या भेगांची. त्या समोरून दिसत नाहींत. दिवा तिरपा धरून भिंगांतून पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकतात.

भेगा पडल्यावर काच पूर्ववत् होत नाहीं. म्हणून पहिली झांक ओळखण्यासच सर्व महत्त्व आहे. परंतु घोटाळा येथेंच होतो! झांक पुसली कीं जाते. झाडपूस करणारा तिला धूळ समजून रोज पुसतो आणि रोगासोबत त्याचा पुरावाही नाहींसा झाला असें सर्वांस वाटतें. वास्तविक जाते ती खूण. रोग तेथेंच राहतो. यास्तव जाणते रक्षक पुसण्यापूर्वीं पाहतात, तारीख घालून नोंद करितात आणि त्याच दिव्यांत त्याच बाजूनें पुन्हां छायाचित्र घेऊन ताडून पाहतात.

आपल्या घरींही आजोबांच्या वेळची एखादी हंडी किंवा अत्तराची कुपी असेलच. पुसूनही चार दिवसांत ती पुन्हां धुरकटली, तर तिला रोज घासूं नये, उन्हांत वाळवूं नये. एकाएकीं कोरडी झाली तरीही ती तडकते. हवेशीर, सावलीच्या जागीं ठेवून जाणकाराचा सल्ला घ्यावा. निदान वेळींच झालें, तर नातवंडांनाही तींतून आरपार पाहतां येईल.