सोयरिकीने बांधलेली राज्ये

आजचे पनवेल ज्या उत्तर कोकणात येते, तिथे नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांचे राज्य होते. राजधानी ठाणे. कपर्दी या त्यांच्या पूर्वजाच्या नावावरून हा मुलूख शिलालेखांत ‘कवडीद्वीप’ म्हणून येतो. शिलाहारांचीच दुसरी शाखा कऱ्हाड-कोल्हापूरकडे नांदत होती, गोव्यात कदंब होते आणि या सर्वांवर जरब होती ती कल्याणीच्या चालुक्यांची. ही कल्याणी म्हणजे शेजारचे कल्याण नव्हे, बिदरजवळचे बसवकल्याण.

या घराण्यांत गादी बापाकडून मुलाकडे जाई. पण घराणी एकमेकांना जोडली जात ती लेकीबाळींमुळे, आणि काही जणी तर प्रत्यक्ष कारभारही पाहत. चालुक्य राजा दुसरा जयसिंह याची बहीण अक्कादेवी हिच्याकडे प्रांतांचा अधिकार होता. भाचा पहिला सोमेश्वर राज्यावर असताना, 1047च्या सुमारास, तिने गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातला. शिलालेखात तिला रणातली भैरवी म्हटले आहे. प्रशस्तीतली विशेषणे सढळ हातानेच वाटली जात, पण वेढ्याची नोंद निव्वळ अलंकार म्हणून सोडून देता येत नाही.

1076 मध्ये चालुक्यांच्या गादीवर आलेल्या सहाव्या विक्रमादित्याची राणी चंद्रलेखा कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी. काश्मिरी कवी बिल्हण याने ‘विक्रमांकदेवचरिता’त तिचे स्वयंवर थाटात रंगवले आहे. बिल्हण विक्रमादित्याच्याच पदरी होता, हे वाचताना विसरू नये. स्वयंवर झाले असो वा नसो, मांडलिकाच्या घरची मुलगी सम्राटाची राणी झाली आणि कऱ्हाडकरांचे वजन वाढले.

विक्रमादित्याने आपली मुलगी मैलळदेवी गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याला दिली. धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या 1125च्या लेखात या जोडप्याच्या सत्तेखालचे प्रांत मोजले आहेत आणि त्यांत कवडीद्वीपही आहे. ठाण्याच्या शिलाहारांची सत्ता तेव्हा डळमळीत झाली होती; पुढे त्यांच्याच अपरादित्य राजाने ती सावरली.

तुलनेसाठी पाहायचे तर, त्याच शतकात दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितान मुलखात नार्बोनची एर्मेंगार्द बापामागे स्वतःच वारस झाली आणि सुमारे पन्नास वर्षे तिने राज्य केले. दख्खनेत लेकीला असा वारसा सहसा मिळत नसे. अधिकार यायचा तो भावाच्या, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नात्याने.

दान देणे आणि देवळे उभारणे यांत मात्र राण्यांचा हात मोकळा होता. मैलळदेवीचा मुलगा पेर्माडी ऊर्फ शिवचित्त याची राणी कमलादेवी हिने बेळगाव जिल्ह्यात कित्तूरजवळ देगाव येथे कमलनारायणाचे देऊळ बांधवले आणि गावच्या ब्राह्मणांना जमीन देवविली. एका ओळीत तीन गाभारे असलेले हे देऊळ तिप्पोजा नावाच्या शिल्पकाराने घडवले.  इथे राणी आणि कारागीर या दोघांचीही नावे राहिली आहेत.